काजूचा कारखाना झाडाजवळच हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आफ्रिकेतली बी आली की इथल्या काजूचा भाव पडतो, अशी पत्रे दर हंगामात आपल्या अंकात वाचतो. तक्रार खोटी नाही. पण कुडाळजवळ माझा लहानसा काजू कारखाना आहे आणि गावची बी संपली की मीही आयव्हरी कोस्टची, टांझानियाची पोती उघडतो. ती ज्या गावांतून येतात, तिथे काय उरते याबद्दल मात्र कुठे वाचायला मिळत नाही.

4 किलो बी फोडावी तेव्हा जेमतेम किलोभर गर हाती लागतो. उकडणे, फोडणे, सोलणे, प्रत लावणे ही सारी मजुरी आमच्या वाडीतल्या बायांची. तिकडच्या बाईच्या वाट्याला येते फक्त वेचणी. गिनी-बिसाऊची 90 टक्क्यांच्या आसपास निर्यात काजूची, तीही बहुतेक कच्च्या बीची. बी द्यायची आणि बदल्यात तांदूळ घ्यायचा, असा व्यवहार तिथल्या खेड्यांत चालत आला आहे.

मोझांबिकचे काय झाले ते तर आपण विसरूच नये, कारण त्यात गिऱ्हाईक आपणच होतो. एकेकाळी काजूत जगात पहिला असलेला हा देश, स्वतःचे कारखाने असलेला. यादवीने ते खिळखिळे केलेच होते. मग 1995 च्या सुमारास जागतिक बँकेच्या आग्रहाने कच्च्या बीवरचा निर्यात कर उतरवला गेला. बी भारतात येऊ लागली, तिकडचे कारखाने बंद पडले, हजारो कामगार घरी बसले. शेतकऱ्याचे तरी भले झाले का? अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा काजू लावणाऱ्या कुटुंबाचा सरासरी फायदा निघाला वर्षाला 5 डॉलरच्या आसपास!

आता बेनिनने एप्रिल 2024 पासून कच्ची बी बाहेर पाठवायला बंदी केली आहे. आमच्या धंद्यातले लोक यावर चरफडतात. मला ते पाऊल रास्त वाटते. फक्त नुसत्या बंदीने भागत नाही. घानाने 2016 मध्ये असाच प्रयत्न केला आणि काही दिवसांतच मागे घेतला. कारखाने पुरेसे नसतील तर बी घेणार कोण? आणि कारखाना उभा राहिला तरी खरी मेख पुढेच आहे. वर्षभराची बी दोन-तीन महिन्यांत रोखीने उचलून ठेवावी लागते. त्या भांडवलाच्या व्याजात कारखानदार कसा पिचतो, हे मी स्वतः सोसतो आहे आणि तिकडे कर्ज आपल्याहून महाग. आफ्रिकेतल्या खेड्यांना मदत करायची असेल तर शिबिरे आणि फोटो कमी करून हंगामापुरते स्वस्त खेळते भांडवल द्या. काजू फोडण्याची यंत्रे आपल्याकडून तिकडे जातातच. सोबत ती चालवायला, दुरुस्त करायला शिकवणारा माणूसही जावा.

उद्या आयव्हरी कोस्टनेही दार लावले तर माझा पावसाळा जड जाईल, हे उघड आहे. मग वेंगुर्ला-7 या काजूच्या जातीची कलमे लावलेल्या माझ्या शेजाऱ्याकडे बीसाठी जावे लागेल आणि भाव तो सांगेल.

आपला,
एक लघुउद्योजक, कुडाळ (सिंधुदुर्ग)