उडी कुणाची?

प्रिय मित्रा,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. त्या नव्या गेम स्टुडिओत मार्गदर्शक म्हणून जायला लागलोय. सहा जण आहेत, सगळेच मालक. भागभांडवल सारखं, पगार सारखा, एकेक मत. मला ‘सर’ म्हणतात, आणि मतदानाच्या वेळी बाहेर बसवतात!

पहिल्या दिवशी वाटलं, गेम दाखवतील. त्यांनी पोटनियमांचा मसुदा पुढे केला. मी आधी शेवटची पानं उघडली. सोडून जाणाऱ्याला काय मिळणार, कोडवर हक्क कुणाचा, याबद्दल एक ओळ नव्हती. विचारलं तर म्हणाले, ‘आमच्यातलं कुणी जाणार नाही.’ तू असतास तर मोठ्याने हसला असतास. मला हसू आवरावं लागलं.

त्यांना मोशन ट्विनची गोष्ट सांगितली. फ्रान्समधला सहकारी स्टुडिओ, २००१ मध्ये सुरू झालेला, तिथेही पगार आणि मत समान. २०१८ मध्ये त्यांचा ‘डेड सेल्स’ तुफान चालला. मग त्या गेमचं काम वाढलं, पण सगळ्यांनी मिळून ठरवायचं तर गट छोटाच हवा. शेवटी ‘ईव्हिल एम्पायर’ नावाची वेगळी कंपनी निघाली आणि गेमचं पुढचं काम तिच्याकडे गेलं. मुलं गप्प झाली. यश आलं तर काय, हा प्रश्न त्यांच्या यादीतच नव्हता.

खरी गंमत मागच्या आठवड्यात. वाद होता उडीवरून. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता यावी की नाही? याला कोयोटे टाइम म्हणतात. खेळणाऱ्याला ही सवलत जाणवतही नाही, पण काढून घेतली की तो गेमला शिव्या घालतो. मतदान झालं, सवलत चार विरुद्ध दोन मतांनी पडली. मला उत्तर माहीत होतं, जीभ चावून बसलो. आधीच्या नोकरीत असले निर्णय वरून यायचे आणि आम्ही मुकाट्याने कोड लिहायचो, ते आठवलं म्हणून असेल.

त्या हरलेल्या दोघांतली एक प्रोग्रामर. ती काही बोलली नाही. गेमचे दोन बिल्ड, म्हणजे खेळता येतील अशा दोन आवृत्त्या केल्या, एकात सवलत शून्य, दुसऱ्यात ६ फ्रेम, म्हणजे पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं धरली तर सेकंदाचा दहावा हिस्सा. नावं नुसती ‘अ’ आणि ‘ब’. कंट्रोलर हातोहात फिरला. ‘अ’मध्ये सगळ्यांत मोठ्याने विरोध करणारा तिसऱ्या लेव्हलच्या त्याच खड्ड्यात अकरा वेळा पडला. ‘ब’ दिल्यावर म्हणाला, ‘हे बरोबर वाटतंय, काय बदललंस?’ पुन्हा मत घ्यायची गरजच पडली नाही.

तरी माझं मत सांगू? प्रत्येक फ्रेमवर मतदान घेत बसले तर गेम कधीच बाहेर पडणार नाही. उडीचा शेवटचा शब्द कुणा एकाकडे द्या, पैशाचा सगळ्यांकडे ठेवा, एवढं मी बोललो. अजून ठरलेलं नाही. सोडून जाण्याचं कलम मात्र लिहायला घेतलंय. पहिल्या मसुद्यावरच तीन तास भांडले.

सोबत ‘ब’ पाठवतोय, त्यांना विचारूनच. तिसरी लेव्हल खेळ आणि किती वेळा पडलास ते खरं कळव. तुझ्याइतका वाईट खेळणारा आम्हाला अजून सापडलेला नाही.

तुझाच,
मी