मी नीटचा फॉर्म भरणार नाही

मिरज,
१४ नोव्हेंबर

प्रिय मने,

तुझं पत्र काल मिळालं. लातूरच्या होस्टेलवर मोबाईल ठेवू देत नाहीत म्हणून आपली पत्रं सुरू झाली, पण मला ती आता फोनपेक्षा जास्त आवडायला लागली आहेत. आज जे लिहायचंय ते फोनवर सांगताच आलं नसतं. तू मधेच तोडलं असतंस आणि मी रडकुंडीला आले असते.

तू लिहिलंयस, फॉर्म निघाला की लगेच भर, शेवटच्या दिवसाची वाट बघू नकोस. मने, मी नीटचा फॉर्म भरणार नाही. मी राज्याची बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी देणार आहे. घरात हे अजून फक्त आत्याला माहीत आहे. मार्क पडणार नाहीत म्हणून नाही, फी झेपणार नाही म्हणूनही नाही. डॉक्टर व्हायला मी घाबरलेही नाही. मला खरोखर नर्सिंगच करायचंय, आणि का ते तुला सगळ्यांत आधी सांगायचंय.

सुरुवात पर्यावरणाच्या प्रकल्पापासून झाली. आपल्याकडे प्रकल्प कसे होतात ते तुला माहीत आहे. झेरॉक्सच्या दुकानात तयार फाइल मिळते, आत जलप्रदूषण नाहीतर घनकचरा, वर आपलं नाव आणि हजेरी क्रमांक घातला की झालं. या वर्षी मॅडमनी स्पष्ट सांगितलं, जे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय तेच लिहा. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा! १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून पार विजापूर-बागलकोटहून पेशंट इथं येतात. म्हणून मी दवाखान्यातल्या कचऱ्याचा विषय घेतला. आत्या नर्स आहेच, तिने तिच्या मेट्रनना, म्हणजे मुख्य नर्सना, विचारून मला वॉर्डात उभं राहायची परवानगी मिळवून दिली.

नियम २०१६ चे आहेत आणि वाचायला सोपे आहेत. रक्ताचे बोळे, ड्रेसिंग, शरीराचे काढलेले भाग पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या, युरोबॅग (लघवीची पिशवी), हातमोजे लाल पिशवीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. ४८ तासांच्या वर काही साठवायचं नाही. पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. पण मी तिथं उभी असताना एका नवीन मुलीने इंजेक्शन देऊन सुई लाल पिशवीत टाकली. आत्याने तिला काही न बोलता पिशवी खाली ठेवायला लावली, चिमटा आणला, सुई शोधून काढली आणि पांढऱ्या डब्यात टाकली. मग म्हणाली, "ही पिशवी संध्याकाळी मावशी बांधणार. पुढे प्लांटवर कोणीतरी उघडणार. त्याला कावीळ झाली तर तुला कळणारसुद्धा नाही."

मला ते फार लागलं, मने. वैद्यकीय नीती म्हणजे मोठमोठ्या डॉक्टरांनी टेबलाभोवती बसून घ्यायचे निर्णय असं मला वाटायचं. इथं एक सुई कुठं टाकायची एवढाच प्रश्न होता, आणि जिला ती लागणार ती मावशी पलीकडे फरशी पुसत होती.

आता मागच्या वर्षीचा आपला वादविवाद आठव. अरुणा शानबागला मरू द्यायला हवं होतं, असं तू बोलली होतीस, आणि सगळा वर्ग तुझ्या बाजूला गेला होता. मी विरुद्ध बाजूने होते. या वर्षी विज्ञान मंडळात त्याच विषयावर सादरीकरण करायचं ठरलं, तेव्हा मी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुळातूनच वाचायला घेतला. इंग्रजी कायद्याचं, जड. रात्री जेवणं झाली की आत्या आणि मी एकेक पान वाचायचो.

अरुणा उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची. परळच्या केईएममध्ये नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३ ला ड्यूटी संपवून ती तळघरात कपडे बदलायला गेली, आणि तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि ती पुन्हा कधी उठली नाही. पंचविशीतली होती, लग्न ठरलेलं होतं. त्या माणसाला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी याबद्दल, सात वर्षांची. ती मात्र वॉर्ड नंबर चारच्या शेजारच्या खोलीत १८ मे २०१५ पर्यंत जगली.

तिला मरण द्यावं म्हणून लेखिका पिंकी विराणी न्यायालयात गेल्या. ७ मार्च २०११ ला अर्ज फेटाळला गेला, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट त्याच निकालाने उघडली. हे सगळं आपण वादविवादात बोललोच होतो. माझ्या डोक्यातून जात नाही ती त्यातली दुसरीच गोष्ट. अरुणाच्या वतीने बोलायचं कोणी? आईवडील गेलेले. विराणींनी तिच्यावर पुस्तक लिहिलं होतं, त्यांची कळकळ खरी होती, न्यायालयानेही ती मानली. तरी न्यायालय म्हणालं, तिची खरी माणसं म्हणजे केईएमचे लोक, जे रात्रंदिवस तिचं करतायत ते. आणि पुढे एक छोटं वाक्य आहे: ३८ वर्षांत अरुणाला एकही बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) झाला नाही.

ते वाचून आत्याने चष्मा काढला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

त्या वाक्याचं वजन मला कळलं ते आजीमुळे. तू दिवाळीत आलीस तेव्हा आजी झोपून होती ना, अजून तशीच आहे. अर्धांगानंतर डावी बाजू गेलीच. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. नाही बदलली तर जिथं हाड वर येतं तिथं, म्हणजे माकडहाडाला, टाचेला, खुब्याला, आधी लाल डाग पडतो. बोटाने दाबून सोडलं तरी तो लालच राहिला तर समजायचं की आतून सुरुवात झाली. मग कातडी जाते, मग मांस. चादरीला घडी राहिली तरी पुरते. ओल राहिली तरी पुरते. दोन तासांचा हिशोब धरला तर दिवसाला बारा वेळा, अरुणाच्या एकेचाळीस वर्षांत पावणेदोन लाखांच्या वर. तेवढ्या वेळा कोणीतरी तिच्याजवळ गेलं. पहिल्या नर्स रिटायर झाल्या, त्यांच्यानंतरच्याही झाल्या, अरुणाला चालताबोलताना कधी न पाहिलेल्या मुली आल्या, पण ते काम थांबलं नाही. कोणी बघत नव्हतं तेव्हाही नाही.

आत्याने मला अंथरुणात माणूस असताना चादर बदलायला शिकवलं. आजीला आपल्याकडे कुशीवर घ्यायचं, एक हात खांद्यावर, एक खुब्यावर. पाठीमागची मळकी चादर लांबीत गुंडाळत तिच्या पाठीपर्यंत आणायची. त्याच रिकाम्या बाजूला नवी चादर पसरून तिची उरलेली अर्धी गुंडाळी मळक्या गुंडाळीला चिकटवून ठेवायची. मग आजीला त्या दोन्ही गुंडाळ्यांवरून हळू पलीकडे वळवायचं, तिकडून मळकी ओढून काढायची, नवी ताणून घ्यायची. कुठंही ओढायचं नाही, कातडी सोलते. आणि हे सगळं करताना आजीच्या अंगावरचं पांघरूण सरकू द्यायचं नाही. यावर आत्या फार कडक आहे. "तिला बोलता येत नाही म्हणून लाज गेली असं समजू नकोस," म्हणते. पहिल्यांदा मला सगळं नीट जमलं तेव्हा आजीने उजव्या हाताने माझं मनगट धरलं. मने, बोर्डाच्या निकालाने मला जेवढा आनंद होईल असं वाटतं, त्यापेक्षा जास्त झाला.

तुझा मुद्दा मी विसरलेले नाही. तू म्हणाली होतीस, नर्सना तिचा लळा लागला होता, त्यांना सोडवत नव्हतं, मग तो निर्णय तिचा कसा? हा प्रश्न खरा आहे आणि मी त्यावर पुष्कळ विचार केला. तिचं मत कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि कधी कळणारही नव्हतं. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचा ९ मार्च २०१८ चा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. माणसाने शुद्धीत असताना स्वतःच लिहून ठेवायचं की मला कुठले उपचार नकोत, ते त्यात मान्य झालं. त्याची पद्धत फार किचकट होती, मॅजिस्ट्रेटची सही लागायची. २०२३ मध्ये ती सोपी केली, आता नोटरीपुढेही चालतं. माझ्या मते हे प्रत्येक घरात बोललं जायला हवं, आजारपण येण्याआधी, जेवताना बोलावं तसं मोकळेपणाने. आमच्या आजीला आम्ही वेळेत विचारलं नाही, आणि आता तिला काय हवंय हे आम्ही तिच्या डोळ्यांवरून ओळखत बसतो.

पण मने, कागद होता किंवा नव्हता, नळी काढायची ठरली किंवा ठेवायची ठरली, तरी त्यानंतरची रात्र कोणीतरी त्या माणसापाशी काढावीच लागते. ओठ कोरडे पडतात ते ओले करावे लागतात. कूस बदलावी लागते. बाहेर बसलेल्या मुलाला आत बोलवावं लागतं, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं लागतं. आपल्या वादविवादात दोन्ही बाजूंनी हे कोणीच बोललं नव्हतं. मला ते काम करायचंय.

वॉर्डातली आणखी एक गोष्ट सांगते. अथणीकडचे एक आजोबा होते, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. डॉक्टर राउंडला आले, मराठीत भराभर सांगून गेले, मुलाने संमतीपत्रावर सही केली. आजोबा नुसते मान हलवत होते. डॉक्टर गेल्यावर सिस्टर परत आल्या, कॉटच्या कडेला बसल्या आणि कन्नडमध्ये पहिल्यापासून सांगायला लागल्या: कुठं कापणार, किती दिवस जेवायचं नाही, पोटाला पिशवी लागू शकते. पिशवीचं ऐकून आजोबा पहिल्यांदा बोलले. पुष्कळ बोलले. सिस्टरांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना फोन केला, "पेशंटला शंका आहेत, तुम्हाला परत यावं लागेल." आणि डॉक्टर आले. सही तर आधीच झाली होती, कागद पुरा होता. तरी त्या सिस्टरांना तो पुरा वाटला नाही. मी आता आत्याकडून कन्नड शिकतेय. नोवु म्हणजे दुखणं, इथपासून सुरुवात आहे.

पुढचं ठरवलंय तेही सांगते. चार वर्षं डिग्री, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, आणि त्यानंतर मला पॅलिएटिव्ह केअरमध्ये जायचंय. म्हणजे जो आजार बरा होणार नाही, त्यातल्या माणसाच्या वेदना कमी करायच्या आणि घरच्यांना सांभाळायचं. वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या पेशंटची विनामूल्य काळजी घेतं. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केलं, तिथं आता शेजारपाजारचे लोकसुद्धा शिकून घरोघरी जातात. वाचताना मला एका गोष्टीचा फार राग आला. कॅन्सरच्या वेदनेवर मॉर्फिनसारखं साधं, स्वस्त औषध असताना १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळणंच दुरापास्त झालं होतं. परवान्यांचं जंजाळ इतकं, की दवाखाने ठेवतच नसत. कायदा सुधारायला २०१४ उजाडलं. मधल्या वर्षांत किती माणसं ओरडत गेली असतील! आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या खेड्यांतून घरी जाऊन हे करणाऱ्या नर्स हव्यात. मला ती नर्स व्हायचंय.

मम्मीला कळलं की ती रात्रपाळीचं काढणार, आणि तिची भीती खोटी नाही. अरुणानंतर केईएमच्या नर्सनी सुरक्षेसाठी संप केला होता. त्याला पन्नास वर्षं झाली, आणि तरी ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याला ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीचं काय झालं ते आपण दोघींनी वाचलं. मी तिला म्हणणार आहे, ही भीती आहे म्हणून मुलींनी वॉर्ड सोडायचा, की वॉर्डात उजेड, कुलूप आणि माणूस मागायचा?

पप्पांचं जास्त अवघड आहे. त्यांनी माझी बायोलॉजीची पुस्तकं घेतली त्या दिवसापासून ते मला डॉक्टरीणबाई म्हणतात. "हुशार पोरगी आणि नर्स?" हा प्रश्न ते विचारणारच. आत्या त्यांची सख्खी बहीण, तीस वर्षं ती याच कामात आहे, आणि तरी ते विचारतील, हे तिलाही माहीत आहे. तिला त्याचं वाईट वाटू नये म्हणून हे मी एकटीने बोलायचं ठरवलंय, ती ड्यूटीवर असताना.

तू डॉक्टर हो. चांगलीच होशील, मला शंका नाही. तुझा हात स्थिर आहे आणि तू घाबरत नाहीस. फक्त एक कर. नाताळात चार दिवस येणार आहेस ना, तर पहिल्याच दिवशी आमच्याकडे ये. पप्पा तुझं ऐकतात. माझी बाजू घे असं म्हणत नाही, तुला पटलं नसेल तर तसं त्यांच्यासमोर सांग. पण त्याआधी मला लिही, सविस्तर, जिथं जिथं माझं चुकतंय असं वाटेल तिथं बोट ठेवून. लळ्याबद्दलच्या तुझ्या मुद्द्याला मी दिलेलं उत्तर तुला पुरतं का, तेही लिही. आणि फिजिक्सच्या नोट्स परत पाठवू नकोस, ठेव तुझ्याकडेच. सीईटीलाही फिजिक्स आहे, पण माझ्याकडे दुसरा संच आहे.

मम्मीने दिलेले शंकरपाळे या पार्सलात आहेत. रूममेटना दे, सगळे एकटीने संपवू नकोस.

तुझी,
चिऊ