अपडेट हवे, पण विचारून

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मोबाइलच्या अपडेटबाबत लोकांना दोन टोकांचे सल्ले मिळतात. बँकेचा मेसेज सांगतो की फोन सतत अपडेट ठेवा. ओळखीतला जाणकार सांगतो की अपडेटच्या नादी लागू नका, फोन स्लो होतो. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. सुरक्षेचा पॅच, म्हणजे फोनमधली चोरवाट बुजवणारी छोटी दुरुस्ती, घ्यायलाच हवा आणि त्यासोबत येणारा बाकीचा पसारा नाकारता यायला हवा. अडचण अशी की कंपन्या हे दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून पाठवतात, आणि एकदा घेतलेले गाठोडे परत करायची सोय ठेवत नाहीत.

फोनमध्ये नेमके काय काय उतरते, ते आधी पाहू. सुरक्षेचा पॅच साधारण महिन्याला किंवा दोन-तीन महिन्यांनी येतो, काही शे एमबीचा असतो आणि त्याने फोनचे रूप बदलत नाही. नवे अँड्रॉइड व्हर्जन वर्षातून एकदा येते, दोन ते चार जीबी खाते आणि फोन मंदावल्याच्या बहुतेक तक्रारी त्यानंतरच येतात. प्ले स्टोअरमधल्या ॲपची अपडेट्स वेगळी. अँड्रॉइड १० पासून गूगल थेट पाठवते ते 'प्ले सिस्टिम अपडेट' आणखी वेगळे. ते ग्राहकाला सहज थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. यातून सुटतो तो कंपनीचा स्वतःचा ॲप बाजार. शाओमीचा 'गेटॲप्स', विवोचा 'व्ही-ॲपस्टोअर', सॅमसंगचा 'गॅलक्सी स्टोअर' हे प्ले स्टोअरला न विचारता आपापली ॲप अपडेट करतात. प्ले स्टोअर बंद करूनही डेटा का संपतो, याचे उत्तर बहुधा इथे सापडते. तिथल्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-अपडेट वेगळे बंद करावे लागते.

आता थांबवायचे कसे? सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, मग 'सॉफ्टवेअर अपडेट', आणि तिथे 'ऑटो डाउनलोड ओव्हर वाय-फाय' बंद. शाओमी-रेडमीमध्ये 'अबाउट फोन' उघडून व्हर्जनच्या चौकटीवर टॅप करायचे, वरच्या तीन टिंबांतून अपडेटच्या सेटिंगमध्ये जायचे आणि आपोआप डाउनलोड व रात्री आपोआप अपडेट ही दोन्ही बटणे बंद करायची. ओप्पो, रिअलमी आणि वनप्लसमध्येही अपडेटच्या पानावर 'ऑटो-अपडेट ओव्हरनाइट' असते, मोटोरोलात त्याला 'स्मार्ट अपडेट्स' म्हणतात. मेनूची नावे मॉडेलगणिक थोडी बदलतात, पण शोधायची बटणे दोनच: आपोआप डाउनलोड आणि रात्री आपोआप बसवणे. लोक पहिले बंद करून थांबतात. मग कधीतरी हाताने डाउनलोड केलेले अपडेट पहाटे आपसूक बसते आणि सकाळी फोन ओळखू येत नाही.

अँड्रॉइडमध्ये आणखी एक बटण दडलेले आहे. 'अबाउट फोन'मधल्या 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप केले की 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडते आणि त्यात 'ऑटोमॅटिक सिस्टिम अपडेट्स' असते. ते बंद केल्याने डाउनलोड थांबत नाही. फोन रीस्टार्ट झाल्यावर अपडेट लागू होणे तेवढे थांबते. गोम पुढे आहे. डेव्हलपर ऑप्शन्स चालू असेल तर काही बँकांची ॲप उघडत नाहीत, आणि ते मुख्य बटण बंद केले की आतले हे बटण सहसा पुन्हा मूळ जागी जाते. ज्याचा सगळा व्यवहार यूपीआयवर आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. कॉम्प्युटरला केबल लावून अपडेटचे ॲपच बंद करण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यापासूनही लांब राहावे. त्याने पॅचही बंद होतात आणि चुकून फोनचे दुसरेच ॲप उडाले तर फोन लोगोवर अडकतो.

प्ले स्टोअरमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टॅप करून सेटिंग्ज, मग 'नेटवर्क प्रेफरन्सेस', तिथे 'ऑटो-अपडेट ॲप्स' आणि 'डोंट ऑटो-अपडेट'. मात्र सरसकट बंद करण्यापेक्षा ज्या ॲपचे नवे रूप नको त्याच्या पानावर जाऊन तीन टिंबांतली 'एनेबल ऑटो-अपडेट'ची खूण काढणे चांगले. बँक, यूपीआय, ब्राउझर आणि व्हॉट्सॲप यांची खूण राहू द्यावी.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, ऑटोमॅटिक अपडेट्स असे जाऊन सगळी बटणे बंद. अपडेट आधीच उतरले असेल तर 'जनरल'मधल्या 'आयफोन स्टोरेज'मध्ये ते ॲपच्या यादीत दिसते. तिथून पुसता येते.

आपल्याकडचा खास घोटाळा हॉटस्पॉटचा. घरात वाय-फाय नसते, एका फोनच्या दीड-दोन जीबी रोजच्या पॅकवर बाकीचे फोन चालतात. जोडलेल्या फोनला ते नेट अनेकदा वाय-फायच वाटते आणि तो बिनदिक्कत तीन जीबीचे अपडेट ओढू लागतो. दुपारी बारालाच डेटा संपल्याचा मेसेज येतो तो असा. उपाय सोपा आहे. जोडलेल्या फोनच्या वाय-फाय यादीत त्या हॉटस्पॉटच्या नावापुढच्या चक्रावर टॅप करून ते नेटवर्क 'मीटर्ड', म्हणजे मोजून वापरायचे, असे ठरवून द्यावे. आयफोनवर त्याच जागी 'लो डेटा मोड' आहे.

व्हर्जन बदलणारे अपडेट लावायचेच असेल तर ते आल्यावर दोन-तीन आठवडे थांबावे. मोठे दोष तेवढ्यात उघडे पडतात आणि दुरुस्तीचे छोटे अपडेट मागून येते. दहा-बारा जीबी जागा मोकळी हवी, बॅटरी अर्ध्याच्या वर हवी. फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप आधी घ्यावा. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गूगलच्या मोफत १५ जीबीतच मोजला जातो, त्यामुळे 'बॅकअप चालू आहे' यावर न विसंबता शेवटच्या बॅकअपची तारीख बघावी. आणि फोनमधल्या गूगल खात्याचा पासवर्ड आठवतो का, ते तपासावे. दुकानदाराने किंवा भाच्याने फोन घेतला त्या दिवशी घाईत उघडून दिलेले खाते असते, पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. अपडेट बिघडून रिकव्हरीतून (फोन सुरू होत नसताना उघडायच्या दुरुस्तीच्या मेनूतून) फोन पुसायची वेळ आली की फोन तेच जुने खाते मागतो आणि पुढे सरकत नाही. बिल सापडले नाही तर सर्व्हिस सेंटरही हात वर करते. अपडेटने फोन 'मेला' म्हणून येणाऱ्यांत या कुलपात अडकलेले कमी नसतात.

अपडेट बसल्यावर पहिले एक-दोन दिवस फोन तापतो, बॅटरी उतरते. ॲप नव्या व्हर्जनसाठी पुन्हा जुळवली जात असतात, फोटोंची यादी नव्याने बनत असते. त्यावर लगेच निकाल देऊ नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही तेच चालू असेल तर रिकव्हरीतून 'वाइप कॅशे पार्टिशन' करावे. त्याने डेटा जात नाही. काही फोनमध्ये हा पर्यायच नसतो, तिथे फॅक्टरी रीसेट हाच शेवटचा उपाय. स्वस्त फोनमध्ये अपडेटनंतर 'तुमच्यासाठी सुचवलेली ॲप' असा पडदाही येतो. त्यात चौकटींवर बरोबरची खूण आधीच केलेली असते आणि 'पुढे'चे बटण मोठे, ठळक. 'नको'ची अक्षरे मात्र कोपऱ्यात, फिकट. घाईत 'पुढे' दाबले की आठ-दहा गेम आणि कर्ज देणारी ॲप फोनमध्ये बसतात. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत.

एखादेच ॲप बिघडले असेल तर मागे फिरता येते, तेही फोनसोबत आलेल्या ॲपपुरते. २०२१ च्या मार्चमध्ये अँड्रॉइडच्या 'वेबव्ह्यू' या, ॲपच्या आत वेबपाने दाखवणाऱ्या, घटकाचे सदोष अपडेट आले आणि जगभर जीमेलसारखी ॲप उघडताच बंद पडू लागली. लोकांनी फोन रीसेट केले. खरा इलाज मिनिटाचा होता: सेटिंग्ज, ॲप्स, 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू', तीन टिंबे, 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. आपण स्वतः टाकलेल्या ॲपला ही सोय नाही. त्यांची जुनी एपीके फाइल (ॲप बसवायची फाइल) बाहेरून आणून टाकणे म्हणजे आगीतून फुफाट्यात, कारण आधी ॲप काढावे लागते, डेटा जातो, आणि ती फाइल कुणी बनवली हे कळायला मार्ग नसतो. ब्राउझरमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर 'तुमचा फोन अपडेट करा' असे आले तर ते अपडेट नव्हेच. खरे अपडेट फोनच्या सेटिंगमध्ये किंवा ॲप स्टोअरमध्येच दिसते.

संपूर्ण फोन मागच्या व्हर्जनवर नेणे बहुतेकांना शक्य नसते. बूटलोडरमध्ये, म्हणजे फोन चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक आकडा असतो, तो फक्त वर चढतो. सॅमसंगच्या बिल्ड नंबरमध्ये शेवटून पाचवे अक्षर म्हणजे हा आकडा. दुरुस्तीवाले त्याला 'बायनरी' म्हणतात. फोन ९ वर गेला की ८ चे सॉफ्टवेअर तो नाकारतो. 'जुने सॉफ्टवेअर मारून देतो' असे कुणी म्हटले तर आधी हा आकडा विचारावा. ॲपल तर नवे आयओएस (आयफोनचे सॉफ्टवेअर) आल्यावर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत जुन्याला मंजुरी देणे थांबवते. यामागे कारण रास्त आहे: जुन्या व्हर्जनमधले भोक चोराला पुन्हा उघडता येऊ नये. पण मग मागे फिरायची वाट बंद असताना पुढे ढकलण्याआधी स्पष्ट विचारायला नको का?

हा प्रश्न जगभर विचारला गेला आहे. ॲपलने २०१७ च्या आयओएस १०.२.१ मध्ये जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग आटोक्यात ठेवण्याची तजवीज केली, पण ग्राहकाला ते त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये कळले. फोन अचानक बंद पडू नये हा हेतू खोटा नव्हता. न सांगणे हा दोष. फ्रान्सने त्यासाठी २०२० मध्ये अडीच कोटी युरो दंड केला. त्याआधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने फोनला न पेलणारी अपडेट्स घ्यायला लावल्याबद्दल ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड ठोठावला. सॅमसंगच्या बाबतीत प्रकरण नोट ४ या फोनवर अँड्रॉइड ६ लोटल्याचे होते. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल ४ए या फोनला आपोआप बसणारे अपडेट पाठवले आणि काही फोनची बॅटरी पूर्वीइतकी चार्ज होईना. कंपनीने मोफत बॅटरी किंवा भरपाईचे पर्याय दिले, पण जुनी सॉफ्टवेअर आपल्या यादीतून काढूनही टाकली.

आपल्याकडे त्याच महिन्यात, आयओएस १८ नंतर फोन नीट चालत नसल्याच्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर दूरसंचार विभागाने 'संचार साथी' हे सरकारी ॲप नव्या फोनमध्ये आधीच बसवायला आणि विक्रीसाठी बाजारात गेलेल्या फोनमध्ये अपडेटमधून घालायला सांगितले. ओरड झाल्यावर ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. ॲप उपयोगी असेलही. पण अपडेटची वाट किती सहज वापरता येते, हे त्यातून दिसले. आणि वाट नुसती कंपनीच वापरते असे नाही. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत केले, तेव्हा दोन जीबी रॅमच्या फोनवर सरकारी ॲपचे काम होत नाही ही त्यांची तक्रार होती. ॲप दर अपडेटला फुगते, रॅम तेवढीच राहते.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने स्मार्टफोनला किमान पाच वर्षे अपडेट पुरवणे बंधनकारक केले आहे, आणि अपडेट नाकारले म्हणून फोनची कामगिरी घटवता येणार नाही असेही म्हटले आहे. केंद्राने इथेही निदान चार गोष्टी मागाव्यात. पॅच आणि नवे व्हर्जन वेगळे द्या. बॅटरी वा वेगावर परिणाम होणार असेल तर तो बसवण्यापूर्वी मराठीसह ग्राहकाच्या भाषेत सांगा. सुचवलेल्या ॲपच्या चौकटी रिकाम्या ठेवा. आणि नवे व्हर्जन न पेलल्यास काही दिवसांत मागे फिरता येईल अशी सोय, सुरक्षेचे पॅच लावूनच, कंपनीने स्वतः द्यावी.

तोवर ज्याचा फोन अपडेटने खरोखर बिघडला आहे त्याने सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर 'अपडेटनंतर दोष सुरू' हे शब्द लिहून घ्यावेत. तिथे नुसते 'हँग' असे लिहायची पद्धत आहे आणि पुढे तेच नडते. कंपनीला लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तरीही दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. पुरावा म्हणून 'अबाउट फोन'चे पान, बिल्ड नंबर आणि सुरक्षा पॅचची तारीख यांचे स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवावेत, आणि तेही रीसेट करण्यापूर्वी.

आपला,
मोबाइल दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, मिरज