गंजलेले बार्ज बुडायच्या आधी उचला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ठाण्याहून कळव्याकडे जाताना लोकलच्या दारातून खाडीत बघितलं की सुकतीच्या वेळी चिखलात तिरके पडलेले लोखंडी बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू बोटी) दिसतात, कधीकाळी रेती उपसायला आणलेले, आता मालक कोण ते कुणीच सांगत नाही. लोक फोटो काढतात. आम्ही चेंदणीचे, घरात अजून एक होडी आहे, आणि गेल्या पावसाळ्यानंतर वडिलांचं जाळं दोनदा पाण्याखालच्या पत्र्यात अडकून फाटलं, कारण त्यातला एक बार्ज आता वरून दिसतच नाही, गाळात गेलाय.

माझं म्हणणं एवढंच की सांगाडा वर आहे तोवर तो उचला. भरतीला भिजायचं, ओहोटीला वाऱ्यावर वाळायचं, वर खारं पाणी, त्या पट्ट्यातला पत्रा सगळ्यात आधी सडतो. आज जो बार्ज टगने ओढून नेता येईल तो अजून काही पावसाळ्यांनी हात लावला की तुटेल, मग तुकडे गाळात शोधत बसायचे. आत डिझेल असतं, इंजिन ऑइल असतं. तळाला कालवं चिकटू नयेत म्हणून लावलेल्या रंगात तांबं असतं, आणि जुन्या रंगांत तर कथिलाचं विष असायचं जे २००८ पासून जगभर बंद आहे. हे सगळं निवट्या आणि चिंबोऱ्यांच्या चिखलात उतरतं, आणि हीच ठाणे खाडी २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली म्हणून आपण सगळे खूश झालो होतो.

कुणी म्हणेल राहू द्या, पक्षी बसतात त्यावर. अमेरिकेत मॅलोज बे म्हणून जागा आहे, तिथे पहिल्या महायुद्धातल्या शंभरावर जहाजांच्या सांगाड्यांवर झाडं उगवली आणि २०१९ मध्ये ती जागा संरक्षित केली. पण ती बहुतेक लाकडी होती हो. आमची जुनी होडीही गाळात कुजून माती होते, तिचा कुणाला त्रास नाही. लोखंडाचं तसं नाही.

कायदा आहे का, तर मोठ्या जहाजांसाठी आहे. नैरोबी करार २००७ चा, भारताने तो २०११ मध्ये स्वीकारला, बुडालेलं जहाज काढायची जबाबदारी मालकावर आणि ३०० ग्रॉस टनांपासून पुढे विमा सक्तीचा. पण तो समुद्रात जाणाऱ्या जहाजांचा, खाडीतला रेतीचा बार्ज त्यात कुठून बसणार? आणि मोठ्यांचंही बघा, जून २०२० मध्ये निसर्ग वादळात बसरा स्टार हे जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन आदळलं ते वर्षानुवर्षं तिथेच लाटा खात गंजत राहिलं. मग आमच्या बिननावाच्या बार्जला कोण विचारतो. आम्ही अर्ज घेऊन गेलो तर एका ऑफिसने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे.

बार्जवर नंबर असतो, काहींवर तो अजून वाचता येतो, तो पुसायच्या आत मालक शोधा, नोटीस द्या, नाही आला तर भंगारात लिलाव करा, त्या पैशात निदान काही खर्च तरी निघेल. फक्त आधी तेल उपसा आणि बार्ज किनाऱ्यावर नेऊन कापा, तिथेच चिखलात जाळू नका.

आणि बुडालेल्या त्या बार्जवर आता लगेच एक पक्का बोया (धोक्याची तरंगती खूण) लावा. आम्ही बांबूला डबा बांधून ठेवला होता, तो उधाणाच्या भरतीत वाहून गेला.

एक वाचक,
चेंदणी कोळीवाडा, ठाणे (पूर्व)