रजा कागदावर, वेळ साहेबांच्या हाती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोकरी आणि घर यांचा मेळ कसा बसवायचा, ही चर्चा बहुतेक वेळा रजेचे नियम आणि घरून काम करण्याची मुभा यांच्यापाशीच थांबते. प्रत्यक्षात कर्मचारी घरी कधी पोहोचणार, हे त्याच्या थेट वरिष्ठाच्या सवयी ठरवतात. ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या अभ्यासकांनी १९८५ मध्ये या ओढाताणीची तीन मुळं सांगितली: वेळ, ताण आणि वागणूक. रजेचे नियम फार तर पहिल्याला हात घालतात.

हुकूम सोडणारा साहेब सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. निर्णय लांबणीवर टाकणारा मवाळ साहेबही घरच्यांचा तितकाच वेळ खातो, हे मात्र चटकन लक्षात येत नाही. फाइल सकाळी अकराला त्याच्या टेबलावर जाते, दिवसभर पडून राहते आणि साडेपाचला चार दुरुस्त्यांसह परत येते, 'उद्या सकाळीच पाठवायचंय' या निरोपासकट. काम दोन तासांचंच, पण ते दोन तास घरचे असतात. साहेब स्वभावाने चांगला, त्यामुळे तक्रारही करवत नाही. ध्येयाने भारावून टाकणारा नेता असेल तर गुंता आणखी वाढतो: लोक आपणहून उशिरापर्यंत थांबतात आणि वेळेवर निघणाऱ्यालाच अपराधी वाटू लागतं.

ड्यूटीचा तक्ता निदान दोन आठवडे आधी लागावा. लहान मुलांची, आजारी माणसांची सोय ऐनवेळी होत नाही. दुपारी तीननंतर दिलेल्या कामाला, खरी निकड नसेल तर, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची मुदत असावी. प्रत्येक काम किमान दोघांना यायला हवं, नाहीतर मंजूर रजेतही फोन वाजत राहतो. रात्री सुचलेला मेसेज लिहून ठेवावा, पाठवावा सकाळी. 'सवडीने बघ' अशी पुस्ती जोडून उपयोग नाही. साहेबांचं नाव दिसलं की माणूस तो उघडतोच.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. पण साहेब स्वतःच कधी रजा घेत नसेल, तर हाताखालचे लोक असा हक्क वापरायला धजावत नाहीत. म्हणून वरिष्ठांच्या वार्षिक मूल्यमापनात दोन आकडे सक्तीने धरावेत: त्यांच्या विभागात किती रजा बुडाली आणि सुट्टीवर असलेल्यांना किती वेळा कामाला लावलं.

– मनुष्यबळ व्यवस्थापन क्षेत्रातील एक वाचक