'शैली'ला इतके स्वस्त करू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सूडपटांवरील आपल्या रविवारच्या लेखात, कथेत दम नसला की दिग्दर्शक शैलीचा आसरा घेतो, असा सूर आहे. हल्लीच्या पुष्कळ गुन्हेपटांना तो लागू पडेलही. पण सरसकट नियम म्हणून तो पटत नाही.

जॉन बूरमन यांच्या 'पॉइंट ब्लँक' (1967) या चित्रपटाचे उदाहरण घ्यावे. कथा चार ओळींत संपते. 1963 मध्ये बंद झालेल्या अल्काट्राझच्या तुरुंगात लुटीचा पैसा हाती येताच मित्र वॉकरला गोळ्या घालतो आणि त्याच्या वाट्याचे 93 हजार डॉलर व त्याची बायको, दोन्ही घेऊन जातो. वॉकर (ली मार्विन) बचावतो आणि आपले पैसे मागत फिरतो. एवढेच! परंतु एका लांबलचक मार्गिकेतून तो तरातरा चालत येतो, त्याच्या बुटांचा टक् टक् आवाज पुढच्या दृश्यांवरही वाजत राहतो, आणि पडद्यावर दिसते ती घरी आरशासमोर बसलेली बायको. तेव्हा तो येऊन पोहोचण्याआधीच त्याचे येणे आपल्या छातीत धडधडू लागते. तो घरात घुसून पलंगावर गोळ्या झाडतो, तर पलंग रिकामा! त्यानंतर तो सोफ्यावर गप्प बसून राहतो आणि त्याने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे ती एकेक करून देत जाते. दगा दिलेल्या माणसाची अवस्था याहून नेमकी दाखवणारा संवाद मला तरी आठवत नाही. आपल्याकडे याच जागी एक भूतकाळातील प्रसंग, एक दर्दभरे गाणे आणि दहा मिनिटांची झाडाझडती खर्ची पडली असती.

पुढे वॉकर ज्या टोळीकडे वसुलीला जातो, तिथे सुटाबुटातले अधिकारी आणि हिशेबाचे व्यवहार आहेत. रोख रक्कम कोणाच्याच हाताशी नाही. बदला घ्यायचा तरी कोणाकडून, हा पेच मग आपोआप उभा राहतो. अखेरीस पैशांचे पुडके समोर पडलेले असते, त्याला हाका मारल्या जातात, आणि वॉकर अंधारातून बाहेरच येत नाही.

हे सारे शैलीनेच सांगितले आहे. ती काढून टाकल्यास हाती उरेल ती वर दिलेली चार ओळींची कथा. तिच्यासाठी कोणी तिकीट काढले असते, असे वाटत नाही.

आपला,
एक नियमित वाचक