बाकावर बसून नदी दिसते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नदीकाठच्या बागांचा विषय निघाला की कारंजी, रोषणाई, खेळणी यांवर भरपूर बोलले जाते. बाकावर टेकलेल्या माणसाला नदी दिसते का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. पावसाळ्यात बागेवर खूश झालेले लोक उन्हाळ्यात हिरमुसून परततात, त्याला बहुतेक वेळा काठावरचे मेंदीचे कुंपण कारण असते.

हिशेब सोपा आहे. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११५ सेंमी उंचीवर असतात. बाकापासून तीन मीटरवर ९० सेंमी उंच मेंदी असेल, तर तिच्या शेंड्यावरून जाणारी नजर तीन मीटरला जेमतेम २५ सेंमी उतरते. बाग पाण्यापेक्षा चार मीटर उंच असली, तर पाणी दिसू लागते ते ६२ मीटरपासून पुढे. उन्हाळ्यात पातळी आणखी दोन मीटर खाली गेली की हेच अंतर ८६ मीटर होते. तेवढ्यात लहानसे पात्र संपूनही जाते आणि दिसतो तो नुसता पलीकडचा काठ! तीच मेंदी ४५ सेंमीवर राखली, तर पाणी अनुक्रमे २२ आणि ३१ मीटरपासून दिसते. पावसाळ्यात ती झपाट्याने वाढते, तेव्हा दर तीन आठवड्यांनी कातरायलाच हवी. लहान मुलांसाठी कठडा हवाच. तो उभ्या गजांचा असावा, गजांमध्ये १० सेंमीपेक्षा कमी फट असावी. आडव्या दांड्यांवर मुले शिडीसारखी चढतात.

'झाडे दृश्य अडवतात' म्हणून काठावरची करंज, उंबर, वाळुंज तोडणे हा मात्र शुद्ध घातकीपणा आहे. त्यांच्या मुळांनीच तो काठ धरून ठेवलेला असतो. खालच्या फांद्या अडीच मीटरपर्यंत काढल्या की काम भागते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथला फुगीर भाग शाबूत ठेवून कापावी, म्हणजे जखम लवकर भरते.

आता ऋतूंकडे वळू. उन्हाळ्यात पाणी आटते, खडक आणि वाळूचे पट्टे वर येतात. करंजाला कोवळी, चकचकीत पोपटी पालवी फुटते, पाठोपाठ ताम्हण जांभळ्या फुलांनी भरतो. टिटवी याच दिवसांत उघड्या खडकाळ जमिनीवर अंडी घालते. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर आपण घरट्याजवळ आहोत असे समजून आल्या पावली मागे फिरावे. कुत्रा सोबत असेल तर साखळी सोडू नये.

पावसाळ्यातला गढूळ लोंढा वरच्या वाटेवरूनच पाहावा. वाहते पाणी १५ सेंमी असले तरी धडधाकट माणसाचा पाय सुटू शकतो. खरा धोका पूर ओसरल्यावर वाढतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. काठाची माती पाणी पिऊन जड झालेली असते आणि तिला बाहेरून टेकू देणारे पाणी एकाएकी खाली जाते. मग उन्हात शांत दिसणारा काठ धसकन कोसळतो. काठाला समांतर भेग दिसली की ती वाट ताबडतोब बंद करायला हवी. पायऱ्यांवरचा गाळ ओला असतानाच धुऊन काढावा. एकदा वाळला की खरवडावा लागतो, आणि उरलेला थर पुढच्या सरीत पुन्हा निसरडा होतो.

हिवाळा म्हणजे या बागेचा सर्वांत देखणा काळ. पाणी निवळते, शेपटी वरखाली हलवत धोबी पक्षी काठावर फिरू लागतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीनंतर पहाटे हवा पाण्याहून बरीच गार झालेली असते. पाण्यावरून उठणारी वाफ त्या गारव्यात लगेच धुके होते आणि संथ प्रवाहावर त्याच्या वळ्या सरकताना दिसतात. आदल्या रात्री ढग किंवा वारा असेल तर सहसा हे घडत नाही, म्हणून अशी रात्र पाहूनच पहाटेचा बेत करावा. सूर्य वर आला की तासा-दोन तासांत सारे विरते. त्याच शांत पाण्यात झाडांची प्रतिबिंबे पाहायची तर खालच्या पायरीवर बसावे. नजर जितकी तिरपी, तितके पाणी आरशासारखे होते. उंचावरून खाली पाहिले तर तळच दिसतो.

हे धुके उजळते ते सूर्य समोर असताना. आपल्या अक्षांशावर डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. काठावरची सगळी बाके एकाच दिशेला तोंड करून ठेवली, तर वर्षातला काही नजारा हुकतो. म्हणून बागेची आखणी करणाऱ्यांना विनंती, की जिथे नदीचे वळण परवानगी देते तिथे निदान एक बाक आग्नेयेकडे तोंड करून बसवावे, आणि तेही मेंदीच्या अलीकडे नव्हे, पलीकडे.

आपला,
एक वाचक